'नको' म्हणण्याचा इतिहास

या विकांताला विषय अगदी रोजचा घेतलाय. नको असलेले एसएमएस.

वारज्यात राहणाऱ्या माणसाला घर नको असलं, तरी घरं त्याच्या मागे लागतात. 'हायवेपासून दोन मिनिटांवर', 'चांदणी चौकापासून पाच मिनिटांवर' (ही मिनिटं बहुतेक पहाटे चारची असावीत), 'डोंगराचा नजारा, ऑफर फक्त या शनिवारी'. घरांच्या मागोमाग कर्जं येतात, कर्जांच्या मागोमाग क्लासेस, मग जिम, मग दातांचे दवाखाने. यातलं काहीही आपण मागितलेलं नसतं.

आता एक साधा प्रश्न. समजा मी 1909 वर तक्रार केली, ती खरी ठरली, आणि पाठवणाऱ्याला किंवा मोबाईल कंपनीला दंड झाला. तर त्यातले मला किती मिळतात? उत्तर आहे शून्य. 2007 साली ही व्यवस्था सुरू झाली तेव्हाही शून्य होतं, आजही शून्य आहे. झोप माझी मोडली, मीटिंगमध्ये फोन माझा वाजला, तक्रार मी टाइप केली, आणि दंड जातो भलतीकडेच. हे असं का झालं ते शोधायला गेलो, तर बरंच काही सापडलं. त्यातला एक धागा चक्क पुण्यातला निघाला.

पण सुरुवात लंडनपासून करू. मे 1864 च्या अखेरीस एका संध्याकाळी तिथल्या काही पुढारी मंडळींच्या दारात तार घेऊन पोऱ्या उभा राहिला. त्या काळात (आणि आपल्याकडे अगदी आजोबांच्या काळापर्यंत) तार आली म्हणजे छातीत धस्स व्हायचं. फोडून बघतात तर काय, गॅब्रिएल नावाच्या दातांच्या डॉक्टरांची जाहिरात! आमचा दवाखाना ऑक्टोबरपर्यंत 10 ते 5 उघडा राहील, एवढाच मजकूर. एका चिडलेल्या गृहस्थानं 'द टाइम्स'ला पत्र लिहून विचारलं, की ज्यांच्याशी माझा कधी काडीचा व्यवहार नाही, त्यांना मला असा त्रास द्यायचा अधिकार कुणी दिला? एकशेसाठ वर्षं झाली, दातांचे डॉक्टर तेच आणि प्रश्नही तोच :)

इमेलची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. 1978 च्या मे महिन्यात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे 400 जणांना आपल्या नव्या कॉम्प्युटरची जाहिरात एकगठ्ठा पाठवली, तो पहिला स्पॅम. आपल्याकडे याचा देशी पूर्वज म्हणजे संतोषीमातेच्या नावानं येणारी पोस्टकार्डं. अशीच अमुक इतकी कार्डं लिहून पाठवा म्हणजे लाभ होईल, नाही पाठवलीत तर बघा! आईनं ही कार्डं बघितलीयेत. फरक एवढाच, की प्रत्येक कार्ड विकत घ्यावं लागे आणि हातानं लिहावं लागे. म्हणजे त्या काळच्या स्पॅमला अटकाव होता तो लिहिणाऱ्याच्या मनगटाचा आणि खिशाचा. एसएमएसनं नेमका हा अटकाव काढून टाकला.

एसएमएस मुळात जाहिरातीसाठी जन्मलाच नव्हता. फोन आणि टॉवर यांच्यात एकमेकांची विचारपूस करायला एक वेगळी वाट असते (कॉल आलाय, रेंज आहे, वगैरे निरोप तिथून जातात). ही वाट बराच वेळ मोकळी पडून असते, तर तिच्यातून छोटे निरोप का पाठवू नयेत, असा हिशोब 1980 च्या दशकात जीएसएम घडवणाऱ्यांनी केला. जागा फक्त 140 बाइट. इंग्रजी अक्षर 7 बिटांत बसवलं की 160 अक्षरं होतात. देवनागरीला प्रत्येकी 16 बिट लागतात, म्हणून मराठीतला मेसेज 70 अक्षरांत संपतो. मराठी माणसाला पुण्यात बसून 'पुणेकरहो' असा मेसेज का येत नाही, आणि रोमन लिपीत 'वारजे मे घर' का येतो, याचं निम्मं कारण हे आहे. देवनागरीत तोच मजकूर पाठवायला दुप्पट पैसे पडतात. उरलेलं निम्मं कारण म्हणजे आपण मराठीत विकत घेत नाही अशी विकणाऱ्यांची खात्री. असो, तो वेगळा विषय.

पहिला एसएमएस गेला 3 डिसेंबर 1992 ला, इंग्लंडमध्ये, नाताळच्या शुभेच्छांचा. भारतात मोबाईलवरचं पहिलं संभाषण झालं 31 जुलै 1995 ला, कलकत्त्याहून ज्योती बसू आणि दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात. पुढच्या दहा वर्षांत कॉलचे दर धडाधड कोसळले, मोबाईल भाजीवाल्याच्या हातात आला, आणि त्याबरोबर ज्याला काही विकायचंय त्याच्या हातात सगळ्यांचे नंबरही आले. 2004 च्या लोकसभा निवडणुकीत तर फोन उचलला की थेट पंतप्रधान वाजपेयींचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू येई. काही जण म्हणे पलीकडून उत्तर येईल म्हणून थोडा वेळ बोलत राहिले होते. आमच्या मामाचं नाव मी सांगणार नाही.

पुढचं वर्ष महत्त्वाचं. फेब्रुवारी 2005 मध्ये हर्ष पाठक या वकिलांची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. बँका आणि मोबाईल कंपन्या वेळी-अवेळी फोन करून कर्जं आणि कार्डं गळ्यात मारतात, हा खाजगीपणावर घाला आहे, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयानं सरकार, बँका, कंपन्या सगळ्यांना नोटिसा काढल्या. 'डू नॉट कॉल' यादी जन्माला आली ती याच वाटेनं. पण त्याच सुमारास दुसऱ्या एका वाटेनंही एक बाई चालत होती, आणि माझ्या मते ती वाट जास्त बरोबर होती.

इथे पुण्याचा धागा येतो. ग्राहक म्हणजे दुकानात गिऱ्हाईक, त्याला राजा म्हणायचं आणि मापात मारायचं, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. हे जोशी म्हणजे दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामातले सैनिक. दुसऱ्याच वर्षी मुंबईत मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. आज आपल्याला गंमत वाटेल, पण किराणा एकत्र आणून वाटून घेणं इथपासून ही चळवळ चालायची. या आणि अशा इतर मंडळींच्या रेट्यातून 24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट कुठली, तर साध्या माणसानं साध्या कागदावर, वकिलाशिवाय, थेट मंचासमोर जायचं आणि नुकसानभरपाई स्वतःसाठी मागायची. सरकारला दंड भरायला लावणारे कायदे आधीही होते. ग्राहकाच्या हातात पैसे ठेवणारा कायदा हा होता.

दिल्लीतल्या त्या बाईंनी हाच कायदा वापरला. सतत येणाऱ्या कर्जाच्या आणि कार्डांच्या फोनना कंटाळून त्यांनी दिल्ली राज्य ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. 2006 मध्ये आयोगानं एअरटेल, मोबाईल कंपन्यांची संघटना, आयसीआयसीआय बँक आणि अमेरिकन एक्सप्रेस बँक यांना मिळून 75 लाखांचा दणका दिला. आकडा वाचून मला दोनदा डोळे चोळावे लागले. 2006 चे 75 लाख! आयोगाचा मुद्दा थोडक्यात असा, की ग्राहकानं सेवेसाठी पैसे मोजलेत. त्याचा नंबर त्याला न विचारता विकणाऱ्यांच्या हाती पडणं आणि त्यांनी त्याला छळणं, हा सेवेतला दोष आहे.

हे प्रकरण असंच पुढे गेलं असतं तर? जाऊ द्या, गेलं नाही. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तिथे हा आदेश रद्द झाला. बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. डिसेंबर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयाचा निकाल बाजूला सारला. कारण कंपन्यांनी आधी राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे अपील करायला हवं होतं, थेट रिट याचिका करायला नको होती. आज हा निकाल कायद्याचे विद्यार्थी वाचतात, पण तो 'पर्यायी उपाय असताना रिट नको' या तत्त्वासाठी. फोनचा त्रास त्यात कुठेतरी तळटीपेसारखा राहून गेलाय.

तोवर दुसरी वाट रुंद झाली होती. 5 जून 2007 ला ट्रायनं नको असलेल्या व्यापारी संदेशांविषयीचे नियम काढले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्रीय 'डू नॉट कॉल' यादी सुरू झाली. ज्याला फोन नकोत त्यानं 1909 वर सांगायचं. मग 45 दिवस थांबायचं. मग टेलिमार्केटरनं आपली यादी या यादीशी ताडून पाहायची आणि आपला नंबर गाळायचा. त्यानं तरीही फोन केला, तर त्याला दर कॉलमागे 500 रुपयांपासून आकारणी.

या रचनेत एक गोष्ट गुपचूप ठरून गेली. जो गप्प बसलाय तो 'हो' म्हणतोय असं समजायचं. दारावर 'विक्रेत्यांना मज्जाव' अशी पाटी लावलेली नाही ना, मग घुसा आत. (पुण्यात अशा पाट्या लावायला कुणाची हरकत नसते हे खरं, पण तरीही.) आणि दुसरी गोष्ट अशी, की पाटी असूनही कुणी घुसलाच, तर दंड घरमालकाला नाही.

अमेरिकेत 1991 साली टेलिफोन ग्राहकांसाठी जो कायदा झाला, त्यात नेमकं उलटं आहे. बेकायदा कॉलमागे 500 डॉलर, आणि मुद्दाम केला असेल तर 1500 पर्यंत. हे पैसे फोन ज्याला आला त्याला, त्यानं कोर्टात मागायचे. तिथे स्पॅम संपला का? छे, मुळीच नाही. तिथल्या मित्रांना विचारा, रोबोकॉलनं वैतागलेत. पण तिथे मोठी कंपनी असा मेसेज पाठवण्याआधी वकिलाला विचारते, कारण एक लाख मेसेज म्हणजे पाच कोटी डॉलरची भीती. आपल्याकडे एक लाख मेसेज म्हणजे, फार झालं तर, कुणीतरी पाच जण तक्रार करतील.

आणि ज्यांना ग्राहक मंचात जायचं होतं त्यांची वाटच 2009 साली बंद झाली. केरळमधल्या एका फोन तोडल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की टेलिफोनच्या वादासाठी 1885 च्या तार कायद्यात लवादाची वेगळी तरतूद आहे, तेव्हा ग्राहक मंचानं यात पडू नये. 1885! म्हणजे गॅब्रिएल डॉक्टरांची तार आणि हा कायदा यांच्यात जेमतेम 21 वर्षांचं अंतर. त्या निकालाचा आधार घेऊन मोबाईल कंपन्यांनी देशभरच्या मंचांमध्ये 'तुम्हाला अधिकारच नाही' असं म्हणायला सुरुवात केली, आणि बरेच मंच ते मान्यही करत.

त्या पुढची दहा वर्षं नियमांची. 1 डिसेंबर 2010 ला नवे नियम आले आणि बऱ्याचदा पुढे ढकलून 27 सप्टेंबर 2011 ला लागू झाले. 'सगळं बंद' किंवा 'फक्त हे चालेल' असा पर्याय आला, त्यासाठी सात गट केले. दोन नंबरचा गट घरांचा, म्हणजे वारजेकरांसाठी खास :) रात्री 9 ते सकाळी 9 जाहिराती बंद. टेलिमार्केटरच्या कॉलसाठी 140 नं सुरू होणारे नंबर. एसएमएसवर पाठवणाऱ्याच्या नावाआधी दोन अक्षरं, पहिलं कंपनीचं आणि दुसरं सर्कलचं. दंड 25,000 पासून 2 लाखांपर्यंत चढत जाणारा, सहाव्यांदा सापडला की काळी यादी.

तेव्हा कॉलेजात असलेल्यांना यातलं काहीही आठवत नाही. त्यांना आठवतं ते एकच, दिवसाला 100 एसएमएसची मर्यादा! टेलिमार्केटर साध्या सिमवरून मेसेज पाठवतात म्हणून ट्रायनं सगळ्याच सिमना टाळं लावलं. माझी मामेबहीण तेव्हा कर्वेनगरला हॉस्टेलवर होती, महिन्याच्या एसएमएस पॅकवर तिचं अख्खं सामाजिक आयुष्य चालायचं. ती आजही ट्रायचं नाव काढलं की चिडते. मर्यादा महिन्याभरात 200 झाली आणि जुलै 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं वैयक्तिक मेसेजवरचं हे बंधन अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येतं म्हणून उडवून लावलं. तोवर सगळे व्हॉट्सॲपवर गेलेच होते. एसएमएसच्या पेटीत उरले फक्त बँक आणि बिल्डर.

आता माझ्या आवडीचा भाग. 19 जुलै 2018 ला ट्रायनं आणखी नवे नियम काढले, आणि त्यात चक्क ब्लॉकचेन आलं. जगात कुठल्याही सरकारी नियामकानं इतक्या मोठ्या प्रमाणावर ब्लॉकचेन वापरायला सांगितल्याचं उदाहरण माझ्या तरी बघण्यात नाही. कल्पना चांगली होती. मेसेज पाठवणारी प्रत्येक संस्था नोंदवलेली, तिचं सहा अक्षरी नाव नोंदवलेलं, आणि मेसेजचा मजकूरसुद्धा आधीच नोंदवलेला. मजकुरात जिथे रक्कम किंवा ओटीपी येणार तिथे रिकामी जागा. मेसेज निघाला की मोबाईल कंपनीनं तो नोंदवलेल्या नमुन्याशी ताडून पाहायचा, जुळला तर सोडायचा. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्रानं मायक्रोसॉफ्टबरोबर यासाठीची प्रणाली बांधायला घेतली. पुण्यानं ग्राहक पंचायतही दिली आणि स्पॅमविरोधी ब्लॉकचेनही, म्हणजे आपण दोन्ही टोकांना आहोत.

कोविडमध्ये खोट्या बँक-मेसेजमधून होणाऱ्या फसवणुकीचा विषय पेटीएमनं दिल्ली उच्च न्यायालयात नेला. एप्रिल ते जून 2020 या तिमाहीसाठी ट्रायनं कंपन्यांना मिळून सुमारे 35 कोटींचे दंड ठोकले होते. (हे पैसे कुणाला? बरोबर. आपल्याला नाही.) फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयानं नियम काटेकोर राबवायला सांगितले, आणि सोमवार, 8 मार्च 2021 ला मोबाईल कंपन्यांनी चाळणी सुरू केली.

त्या दिवशी काय झालं ते आमच्या क्षेत्रातला कुणीही सांगेल. देशभर ओटीपी यायचे बंद झाले. बँकेत लॉगिन होईना, पैसे पाठवता येईनात, ज्येष्ठांचं लसीकरण नुकतंच सुरू झालेलं, तर त्याची नोंदणीही अडकली. कारणं अगदी फुटकळ होती. नोंदवलेल्या मजकुरात पूर्णविराम होता आणि कोडमध्ये नव्हता. कुठे एक स्पेस जास्त. कुठे रिकाम्या जागेला 30 अक्षरांची मर्यादा, आणि ग्राहकाचं नाव 'चंद्रशेखर लक्ष्मणराव' वगैरे असलं तर ते तिच्यात बसेना. कुणी नोंदणीच केली नव्हती, कारण 'बघू पुढच्या स्प्रिंटमध्ये'. आमच्या टीमशेजारचा एक गट (तेव्हा शेजार म्हणजे दुसरा व्हॉट्सॲप ग्रुप) रात्रभर एका क्लायंटचे मजकूर अक्षर-अक्षर जुळवत बसला होता.

दुसऱ्याच दिवशी ट्रायनं चाळणी सात दिवसांसाठी थांबवली. महिनाअखेरीस नियम न पाळणाऱ्या 40 संस्थांची नावं जाहीर केली. त्यात देशातल्या सगळ्यात मोठ्या बँका होत्या. ज्यांच्या नावानं आपल्याला 'सावध राहा' असे मेसेज येतात, त्यांनीच घरचा अभ्यास केला नव्हता.

मला या सगळ्या प्रकारात खटकतं ते वेगळं आहे. चाळणी उत्तम झाली, आजही चालते. 2024 मध्ये त्यात मेसेजमधल्या लिंकही आधी नोंदवण्याची अट आली, मग मेसेज कुणाकुणाच्या हातून आला याचा माग ठेवणं आलं. 2025 पासून नावापुढे पी, एस, टी, जी अशी अक्षरं लागतात, जाहिरात, सेवा, व्यवहार आणि सरकारी ओळखायला. पण चाळणी फक्त नळातून येणाऱ्या पाण्याला लागते. ज्यानं नळच वापरला नाही, साधं दहा आकडी सिम घेऊन एखाद्या पोराला फोन लावायला बसवलं, त्याला या ब्लॉकचेनचं काय? घरांचे बहुतेक फोन मला तरी तिथूनच येतात. आणि व्हॉट्सॲप तर या नियमांच्या कक्षेतच नाही.

या दहा आकडी मंडळींसाठी 2025 च्या फेब्रुवारीत नियमात जे बदल झाले, ते वाचून मी खरंच सुखावलो. तक्रार तीन दिवसांऐवजी सात दिवसांत करता येते. कंपनीनं 30 ऐवजी पाच दिवसांत कारवाई करायची. दहा दिवसांत पाच जणांनी तक्रार केली की त्या नंबरवर कारवाई सुरू, पहिल्या वेळी 15 दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा केलं तर वर्षभर सगळंच बंद. आणि नोंदणी नसलेल्या पाठवणाऱ्याविरुद्ध तक्रार करायला आता आपण आधी 'डीएनडी' केलेलं असायची गरज नाही. म्हणजे निदान या एका बाबतीत, 2007 मध्ये गुपचूप ठरलेली ती गोष्ट 18 वर्षांनी बदलली. गप्प बसणं म्हणजे 'हो' नव्हे.

घरांच्या जाहिरातींपुरता आपल्या महाराष्ट्रात अजून एक टोचणारा काटा आहे, तो फारसा कुणी वापरत नाही. रेरा कायद्यात 'जाहिरात' या शब्दाची व्याख्या इतकी रुंद आहे की एसएमएससुद्धा तिच्यात येतो. प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. छापील आणि इतर जाहिरातींत 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही सक्तीचा झाला. क्रमांक नसलेल्या जाहिरातींबद्दल महारेरानं बिल्डरांना दंडही केलेत. पुढच्या वेळी 'हायवेपासून दोन मिनिटांवर' असा मेसेज आला, तर मिनिटं मोजण्याआधी क्रमांक शोधा. अर्थात हा दंडही सरकारलाच.

मग ग्राहकाचं काय? तर 16 फेब्रुवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं 2009 पासून बंद असलेलं ते दार पुन्हा उघडलं. प्रकरण अहमदाबादचं. महिना 249 रुपयांच्या प्लॅनवर असलेल्या माणसाला 24,609 रुपयांचं बिल आलं, तो ग्राहक मंचात गेला, आणि व्होडाफोननं नेहमीचंच उत्तर दिलं, मंचाला अधिकार नाही. न्यायालय म्हणालं, आहे. तार कायद्यातला लवाद असला तरी ग्राहकाचा हा जादा हक्क त्यानं बुडत नाही, आणि 2019 च्या नव्या ग्राहक कायद्यात तर 'सेवा' या शब्दात दूरसंचार सेवा स्पष्ट लिहिलेली आहे.

वकिलीतला एक मित्र मला हे समजावून सांगत होता. नव्या कायद्यानुसार तक्रार आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. म्हणजे मेसेज गुरगावहून आला असला तरी दावा पुण्यात. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मोबाईलचं बिल कुणाचंच तेवढं नसतं. अर्ज ऑनलाइन करता येतो. मुदत दोन वर्षं. दावा बिल्डरवर नाही, आपल्या मोबाईल कंपनीवर, कारण पैसे आपण तिला देतो आणि 'नको' असंही आपण तिलाच सांगितलेलं असतं. पुरावा म्हणून डीएनडी केल्याची तारीख, मेसेजचे स्क्रीनशॉट आणि प्रत्येक तक्रारीचा क्रमांक जपून ठेवायचा. कंपनी म्हणेल पाठवणारा नोंदणीकृत नाही, आम्ही काय करणार. त्यावर प्रश्न असा, की पाच दिवसांत काय केलंत ते दाखवा.

हे सगळं त्याला पटकन सांगता आलं. अडला तो फक्त एका रकान्यावर, मागितलेली नुकसानभरपाई. एका मेसेजचे किती? बँकेतलं पीठासारखं बारीक व्याज काढणारी माणसं आपण, पण दुपारी मोडलेल्या झोपेचा दर काय लावायचा हे दोघांनाही सुचेना. अमेरिकेत तो आकडा 1991 मध्येच कायद्यात लिहून ठेवलाय. त्यानं शेवटी पेन्सिलीनं एक आकडा लिहिला, पुन्हा खोडला, आणि म्हणाला, आधी तक्रार क्रमांक तर जमव.

जमवतोय. एका शीटमध्ये तारीख, नंबर, तक्रार क्रमांक, कंपनीनं दिलेलं उत्तर असे चार रकाने केलेत.